फहमिदाआपाचा ड्रम

आमच्या बेगमपुऱ्यातल्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतात, तेही त्यांच्या मनात असलं तर. त्या दिवशी लग्नकार्य, दुखणंखुपणं, सगळं बाजूला. समोरची फहमिदाआपा तर त्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्याला चहा विचारायची नाही, हातात कळशी द्यायची.

नवरा, कय्युमभाई, गेल्यावर ती एकटी पडली, तेव्हा मुलगी लुबना तिला जर्मनीत, लाइपझिगला घेऊन गेली. लुबनाला दिवस गेलेले, आई जवळ हवी होती, आणि कायमचीच हवी होती. आपाचं मात्र ठरलेलं, बाळंतपण उरकलं की परत. जाताना मला बजावून गेली, "रत्ना, नळ आले की माझा ड्रम भर. परत आले अन् दारात पाणी नाय, असं नको व्हायला." मी दर नळाला तिच्या ओट्यावरच्या ड्रममधलं जुनं पाणी झाडांना घालायचे आणि नवं भरायचे. शेजारधर्म म्हणा, पण खरं म्हणजे मला ती परत यायला हवी होती. मनासारखं भांडता येईल अशी गल्लीत ती एकच.

लाइपझिगला पोचल्या पोचल्या तिनं काय करावं? पातेली, बादल्या, फुलदाणीसुद्धा भरून ठेवली. अंघोळीचा टब काठोकाठ भरून वर चादर घातली. लुबनानं कपाळाला हात लावला. "अम्मी, इथं पाणी कधीच जात नाही."

"आज हाय. उद्याचं कोणी सांगावं?"

जावई बासित सज्जन माणूस. तो टबाशेजारी उभा राहून मगानं अंघोळ करायचा आणि मग फरशी पुसायचा.

शहर काही तिला आवडेना. फोनवर एकच रड. "रस्ते चकाचक हायेत, बागा हायेत. पण दार कोणी वाजवत नाय गं. जिन्यात भेटले की मान हलवतात अन् पळतात. इथं माणसं राहतात का नुसत्या नावाच्या पाट्या?"

लुबना मला म्हणाली, "काकू, तुम्ही तरी समजवा अम्मीला." मी कशाला समजावू? मी आपाला इकडची लग्नं, भांडणं आणि नानखलियाच्या पंगती रंगवून ऐकवत राहिले.

मग जानेवारीत थंडीनं रस्त्याखालचा पाइप फुटला आणि अख्ख्या इमारतीचे नळ कोरडे पडले. लोक जिन्यात एकमेकांची तोंडं बघत उभे. आपानं दार उघडलं, खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या हेल्गाबाईला हाताला धरून आत नेलं आणि टबावरची चादर काढली. बातमी वर पोचली तशी माणसं भांडी घेऊन आली. चौथ्या मजल्यावरचा एक उंच गडी बादली घेऊन मधेच घुसला, तशी आपा कडाडली, "ए लंबू, लाइन में आव! सबको मिलता!" भाषा कोणाला कळली नाही, पण गडी मुकाट मागे जाऊन उभा राहिला.

तेव्हापासून दार वाजायला लागलं. हेल्गाबाई केक आणते, आपा खिचडी पाठवते. लंबू बाजारातून पिशव्या उचलून आणतो. दोघी म्हाताऱ्या तळ्यावर फिरायला जातात आणि आपापल्या भाषेत गुडघ्यांची तक्रार करतात. मला फोनवर आता तळं, बदकं आणि ट्राम ऐकावी लागते. "लई झकास गाव हाय गं!"

लुबनाला मुलगी झाली. आपाच्या परतीच्या तिकिटाचं कोणी नाव काढेना. परवा नळ आले तेव्हा मी सवयीनं फोन लावला. "आपा, नळ आले. ड्रम भरते."

ती म्हणाली, "राहू दे रत्ना. रिकामा करून उलटा घालून ठेव. आमच्याकडं आता बर्फ वितळायला लागलाय, हेल्गा खाली थांबलीय."

आमच्याकडं म्हणे! तिचं तिथं बस्तान बसलं याचा मला आनंद झाला, रडूही आलं, आणि राग तर असा आला की मी फोनच ठेवला. जाऊन ड्रम उलटा घातला.

माझी भांडी भरताना नजर सारखी समोरच्या ओट्याकडे जात होती. नळ जायची वेळ झाली तशी मी उठले, ड्रम सरळ केला, विसळला आणि काठोकाठ भरला. इतक्या लांबून माणूस येणार, दारात हातपाय धुवायला पाणी नको?