आईची पिशवी आणि दादा

ऑपरेशननंतर आमची आई आपलं जेवण गुपचूप कोंबड्यांना घालत होती.

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दादांनाही नाही.

दादा म्हणजे माझे वडील. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आईला आतड्याचा कॅन्सर निघाला होता. पुण्यात ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि पोटावर पिशवी लावली. काही महिने संडास त्या पिशवीतच येणार होती.

मी रजा टाकून गावी, खोडदला आले.

आईचे हात थरथरायचे, म्हणून पिशवी दादाच रिकामी करायचे. मेंढरं त्यांनी चुलत्यांकडे सोपवली होती.

मऊ भात, दही, उकडलेलं अंडं. थोडं थोडं, दिवसभर. पुण्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं तसंच.

ताट रिकामं परत यायचं. दादा खूश. पिशवीत कमी यायचं, ते मऊ जेवणामुळे असेल असं त्यांना वाटायचं.

तरी आई वाळतच चालली होती. वजन उतरलं तर केमो लांबणार, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

एका दुपारी ती अंगणात कोसळली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

शेजाऱ्यांच्या पिकअपमधून आळेफाट्याच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. तिथल्या सिस्टरनं पिशवी बघितली.

"यात काहीच कसं नाही? खातात ना या?"

"समदं खाती," दादा म्हणाले. "ताट पुसून ठेवती."

डॉक्टर गंभीर झाले. "खाल्लेलं बाहेर येत नसेल तर आतडं अडलेलं असू शकतं. पुण्याला न्यावं लागेल. वेळ आली तर पोट पुन्हा उघडतील."

मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावायला घेतला. नंबर दोनदा चुकला.

दादा मात्र खाटेजवळ जमिनीवरच बसले.

"खरं सांग. खाल्लंस का?"

आईनं तोंड भिंतीकडे केलं.

"पोट फाडत्याल परत. बोल."

बाहेरून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

मग ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "कोंबड्यांना घातलं."

मी फोन ठेवून दिला.

"का?"

"खाल्लं की पिशवी भरती. तुमी माझी घाण काढायची... मला न्हाई बघवत."

मला वाटलं, आता दादा भडकणार. त्यांचा राग अख्ख्या गावाला माहीत होता.

ते हळू आवाजात म्हणाले, "मेंढी विताना अडली की मी कोपरापतूर हात घालायचो. बॅटरी कोण धरायचं?"

"मी."

"किळस आली व्हती माझी?"

"न्हाई."

"मग? पिशवी भरलेली दिसली की मी निवांत व्हतो. जगतीया म्हणून."

आईनं तोंड वळवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

डॉक्टरांनी खात्रीसाठी पोटाचा एक्स-रे काढला. आतडं मोकळं होतं.

सलाईननं जरा तरतरी आल्यावर दादांनी दहीभात कालवला. पहिला घास उलटून पडला. आम्ही सगळे तसेच उभे.

दुसरा राहिला. तिसराही.

संध्याकाळी दादा व्हरांड्यात आले आणि ओळख ना पाळख अशा माणसांना म्हणाले, "भरली राव."

त्यानंतर घरी ते तिच्यासोबतच जेवायला बसायचे. आमच्याकडे बायका मागून जेवतात. भावकीतले हसले.

"हसू द्या," म्हणाले.

आईचं वजन चढलं. केमो पूर्ण झाले. पुढे आतडं जोडलं, पिशवी निघाली.

आणि गेल्या वर्षी हार्ट अटॅकनं दादाच गेले. एकदम. कुणाला काही करायची सवडच दिली नाही.

त्या दिवशी चूल बंद होती. शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. आईला जेवायचं कसं विचारावं, कुणालाच कळेना. मीही ताट बाजूला सारलं होतं.

आईनं स्वतःच हात पुढे केला.

"दे," म्हणाली. "मी उपाशी ऱ्हायलेलं त्यांना चालायचं न्हाई."

आणि रडत रडत ती भाकरी खाल्ली. पूर्ण.

दादा, तुम्हाला मनापासून राम राम.