तिसरा गियर आणि सिद्रामचा हात

“मी काय लिव्हर उशाला घेऊन झोपतो व्हय?” सिद्राम ड्रायव्हर माझ्या गॅरेजात गाडीच्या मालकावर ओरडत होता.

गाडी जुनी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल, चादरी भरून हैदराबादकडे जायची. तक्रार एकच. लोड असला की तिसरा गियर आपोआप सुटायचा. उताराला गियर सुटला की इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. मागच्या खेपेला नळदुर्गच्या घाटात सिद्राम थोडक्यात वाचला होता. म्हणून तो तापला होता.

मालक म्हणत होता, हा लिव्हरवर हात ठेवून चालवतो. ती सवय वाईटच. हाताच्या वजनाने गियरबॉक्समधला फोर्क, म्हणजे गियर सरकवणारा दोन बोटांचा तुकडा, झिजतो.

“हातच की, मिस्त्री?” मालकाने विचारलं.

“उघडल्यावर सांगतो.”

सिद्राम माझ्याकडे बघून म्हणाला, “उघडा आणि खरं सांगा. घरी पोरं हायत माझी.”

बॉक्स खाली घेतला, उघडला. फोर्क चांगला होता. तिसऱ्या गियरचे दात मात्र एकाच बाजूने तिरके झिजले होते. बॉक्स इंजिनला सरळ बसला नसला की असं होतं. बोल्ट बॉक्सला नुसते आवळतात. सरळ रेषेत धरतात त्या दोन छोट्या पिना. मी टॉर्च मारला. पिनांची भोकं रिकामी होती.

आधी क्लच प्लेट बदलायला बॉक्स मीच उतरवला होता. पिना गंजून वाकल्या होत्या. नव्या आणायला वेळ नव्हता, माल अडकला म्हणून मालक डोक्यावर उभा होता. बोल्ट धरतील म्हटलं आणि तसाच चढवला. इथे ‘विसरलो’ असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो.

संध्याकाळी मालक आला. “काय निघालं?”

“दात गेलेत. दुसरा बॉक्स घालावा लागेल.”

“म्हणजे हातच.”

मी कापडाला हात पुसत राहिलो. त्याने तिथेच सिद्रामला फोन लावला आणि कामावरून काढलं.

भंगार बाजारातून चांगला बॉक्स बघून आणला. या वेळी नव्या पिना घातल्या, कुणाला न सांगता. नवा ड्रायव्हर घाट चढून-उतरून आला. गियर हलला नाही. मालक नाक्यावर सांगत सुटला, “ड्रायव्हर बदलला, गियर सुटायचा थांबला.” माझी चोख दुरुस्तीच सिद्रामच्या विरोधात उभी राहिली. त्याला कुणी गाडी देईना.

एक दिवस तो आला. बसला नाही.

“मिस्त्री, फोर्क झिजला हुता का?”

“नाही.”

“मग?”

सगळं सांगितलं. मला वाटलं, मारेल. त्याने नुसता माझा पाना उचलून बाजूला ठेवला.

“मला सांगून काय उपेग? माझा हात मला ठावं हाय. नाक्यावर चला.”

चहाच्या टपरीपाशी सगळे ड्रायव्हर होते, मालकही होता. पिना मी घातल्या नव्हत्या, सिद्रामच्या हाताचा दोष नव्हता, हे सगळ्यांसमोर सांगितलं.

मालक म्हणाला, “गाडी चालतीय न्हवं आता? कशाला उकरताय?”

“तुमी गप बसा की मालक,” सिद्राम म्हणाला. “लई बोलला तुमी.”

मागून एक ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, आमच्या गाडीत काय काय घातलं न्हाय, ते बी सांगून टाका.” सगळे हसले. सिद्राम हसला नाही.

मालकाने त्याला परत घेतलं नाही. त्याचा मला अजून संताप येतो, पण तो करायचा मला हक्क नाही. सिद्राम आता मंगळवेढ्याच्या एकाकडे ज्वारीची गाडी चालवतो. ती दुरुस्तीला माझ्या समोरच्या गॅरेजात जाते.

आता काढलेला पार्ट मी आधी ड्रायव्हरच्या हातात देतो, मग मालकाशी बोलतो. हे शिक्षण माझं झालं, फी सिद्रामने भरली.