सुटणारी नाडी

शनिवार, ७ फेब्रुवारी. दुपारी सायकलची चेन पुसायला बसले, तरी सकाळचा राग उतरेना.

आम्ही पाच जण मार्वेहून बोटीने मनोरीला उतरतो आणि उत्तनपर्यंत तोंडावरच्या वाऱ्यात सायकली मारतो. नियम साधा आहे. प्रत्येकाने विजेचे दहा खांब पुढे राहून वारा अडवायचा, मग मागे जायचं. पण आमच्यातल्या एका गृहस्थांची पाळी आली की नेमकी त्यांच्या बुटाची नाडी सुटते. एरवी ते माझ्या मागच्या चाकाला चिकटून शिकवत असतात, "मॅडम, खाली वाका. गियर हलका ठेवा. वाऱ्याशी भांडायचं नाही."

आज त्यांचेही दहा खांब मीच ओढले. पोटरीत गोळा आला तेव्हा मी ओरडले, "अहो, आता तरी पुढे या ना!"

"नाडी, मॅडम!"

मी पाय धरून रस्त्याकडेला थांबले. ते दुसऱ्याच्या पाठीआड लपून निघून गेले. नंतर उत्तनच्या टपरीवर चहा पिताना सांगत होते, "आज काय वारा फोडला आपण!"

रविवार, ८ फेब्रुवारी. आज सकाळी मनोरीच्या धक्क्यावर सगळ्यांसमोर मी खाली बसले आणि त्यांच्या दोन्ही नाड्यांना गाठीवर गाठ मारली.

"पहिले दहा खांब तुमचे," म्हटलं. "मी मागून मोजते."