पाणी मुरायची जागा

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत भागीरथीबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि भागीरथीबाईंनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असा तर शोधूनही सापडायचा नाही. शेजारीण हसली तर का हसली, आणि नाही हसली तर काय लपवते आहे! दूधवाल्यानं नमस्कार केला की बाई आधी दुधाकडे बघायच्या, मग त्याच्याकडे.

बरं, हा स्वभाव पोटापाण्याच्या कामी आलेला, त्यामुळे त्याच्यावर औषध शोधायची कोणाला गरज वाटली नाही. अमळनेरकडून लग्न होऊन सुरतेत आल्यापासून त्या कपडा मार्केटात साड्या तपासायच्या. एखादा ओढला गेलेला धागा, रंगाचा एवढासा डाग, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. शेठ म्हणायचा, "भागीबेननी पास केलेली साडी डोळे मिटून पाठवायची." मार्केट सुटलं तरी सवय काही सुटली नाही. माणसांनाही त्या साडीसारख्या उजेडात धरून बघायच्या.

पण संशयाचा खरा पीळ पडला तो नवरा गेल्यावर. राघो लिंबायतच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवायचा. श्रावणातल्या एका दुपारी मशीनजवळ उभ्याउभ्या कोसळला, तो उठलाच नाही. शेठ म्हणाला, छाती बंद पडली. बरोबरचे कारागीर दबक्या आवाजात म्हणाले, करंट लागला. भागीरथीबाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. धडधाकट माणूस असा जातो होय? कोणीतरी केलंय! करणी आहे ही! तेव्हापासून त्या घरात करंट हा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. मुलगा भूपेंद्र तेव्हा शाळेत जात होता. तोही गप्प राहायला शिकला.

त्याच भूपेंद्रनं नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतली. आधी रिक्षा होती, आता चार चाकांची टॅक्सी. भागीरथीबाई नेमक्या एका लग्नासाठी शिरपूरला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर दारात पांढरी गाडी, भिंतीला नवा जाड प्लग, आणि घराच्या कडेला, शेजारच्या उज्ज्वलाशी सामाईक असलेल्या कुंपणाच्या भिंतीला लागून, ताजी उकरलेली माती. त्यावर एक झाकण.

"ते काय रे?"

"थोडं खोदकाम केलंय, माय. हात लावू नको तिथं."

झालं! हात लावू नको म्हटल्यावर काय राहिलं? कुठंतरी पाणी मुरतंय, हे भागीरथीबाईंनी तिथल्या तिथं ताडलं.

गाडीचंही त्यांना पटेना. गाडी म्हटली की तिनं घरघरावं, धूर सोडावा, चार माणसांना कळावं की आली. ही यायची ती मांजरीसारखी, आवाज नाही की काही नाही. "चोरासारखी कशाला येते?" त्या सुनेला विचारायच्या. सुषमा हसायची. ती का हसते, हाही एक प्रश्नच होता.

आणि त्या चार्जिंगचं सोवळं! आल्या आल्या गाडीला तार लावायची नाही, आधी निवू द्यायची. पायात रबरी चप्पल पाहिजे. देवासमोर जाताना आपण चप्पल काढतो, इथं घालायची! हात कोरडे पाहिजेत. आधी भिंतीतला प्लग लावायचा, मग बटण, मग ती पिस्तुलासारखी गन गाडीच्या पोटात. काढताना सगळं उलट्या क्रमानं. तारेतला तो विटेएवढा डबा जमिनीवर ठेवायचा नाही, खुंटीला टांगायचा. त्यात हिरवा दिवा लागला की भूपेंद्र असा सुस्कारा सोडायचा की जणू नवस फिटला. घरातल्या दुसऱ्या कुठल्या बोर्डातून वायर ओढायची नाही, ही तर शपथच होती.

"हे सगळं कोणी शिकवलं तुला?" बाईंनी एकदा डोळे बारीक करून विचारलं.

"कंपनीवाल्यांनी. आणि लोटूकाकांनी."

लोटू हा कडोदऱ्याकडचा वायरमन. तो खड्डा त्यानंच केला होता. बाईंनी त्याचंही नाव मनात टिपून ठेवलं.

पण कहर केला तो सुषमानं. दर दोन-चार दिवसांनी ती कळशी घेऊन त्या झाकणापाशी जायची, झाकण सरकवायची, आणि आत पाणी ओतायची. झाड नाही, वेल नाही, नुसत्या खड्ड्याला पाणी! एका दुपारी सुषमा बाजारात गेली तशी भागीरथीबाईंनी झाकण उचललं. आत काळा कोळसा होता. बोटानं चाखलं तर खारट. मीठ! मधोमध एक नळी रुतलेली, आणि तिला तांब्याची पट्टी आवळून बांधलेली. पट्टी मातीतून निघून थेट घराच्या भिंतीत शिरली होती.

माय वं! बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. मीठ, कोळसा, तांबं, आणि वरचेवर घातलेलं पाणी. आणखी काय पुरावा पाहिजे? एवढा कोळसा आला कुठून, याचाही छडा त्यांनी लावला. भागीरथीबाई शिरपूरला असताना सुषमाची आई, प्रमिलाबाई, इथं राहून गेली होती. येताना नंदुरबारहून लाकडी कोळशाचं पोतं घेऊन आली होती. सुषमानं ते आपण होऊन सांगितलं, अगदी कौतुकानं! विहिणीनं केलं, लेकीनं पाणी घातलं, आणि मरायचा कोण तर माझा पोरगा. एकाला नेलंच आहे, आता हा दुसरा.

भूपेंद्रला सांगून उपयोग नव्हता, बायकोच्या पुढं त्याला काय दिसणार? भागीरथीबाईंनी खुरपं घेतलं, पक्कड घेतली. मीठ-कोळसा उकरून पिशवीत भरला. नळी काही हलली नाही, पण तांब्याची पट्टी पिरगाळून पिरगाळून तोडली. वर माती लोटली, झाकण जसंच्या तसं ठेवलं. मग मीठी खाडीवर जाऊन पिशवी पाठमोऱ्यानं पाण्यात सोडली आणि मागं न बघता घरी आल्या. कित्येक वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी भूपेंद्रनं गाडीला गन लावली. हिरव्याऐवजी लाल दिवा. काढली, पुन्हा लावली. लालच.

बाई दारात बसून बघत होत्या. दिसलं ना! करणी मोडली तशी गाडी अडली. म्हणजे ही गाडी चालत होती ती त्याच्याच जोरावर.

"अर्थिंग दाखवत नाही," भूपेंद्र डोकं खाजवत म्हणाला. लोटूला फोन लावला, तो कामात अडकला होता. उद्या येतो म्हणाला. आणि इकडे सकाळी एका म्हाताऱ्या बाईंना डायलिसिसला न्यायचं ठरलेलं, गाडीत तेवढी बॅटरी नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला कुंदन आला. हाही टॅक्सीवाला, भूपेंद्रचा दोस्त, आणि प्रत्येक गोष्टीवर याच्या खिशात तोडगा. या वेळी खिशातून एक प्लग निघाला. "आपण डब्याला फसवायचं, यार. त्याला वाटतं अर्थिंग आहे. सगळे वापरतात." तो लावताच गाडीच्या नव्या लाइनचा स्विच आपोआप पडायला लागला, म्हणून त्यानं हॉलमधल्या फ्रिजच्या बोर्डातून एक्स्टेंशनची वायर ओढली, पुढं तो प्लग खोचला. डब्यात हिरवा दिवा लागला.

भूपेंद्र म्हणाला, "हे मला पटत नाही."

"एक रात चालशे! काय होतंय?" कुंदन पाठीवर थाप मारून निघून गेला. भूपेंद्रनं वायर तशीच राहू दिली आणि तो तोंड धुवायला आत गेला.

भागीरथीबाईंना हिरवा दिवा बघून धसका बसला. खाडीत सोडून आलेली बला परत आली? त्या उठल्या, गाडीपाशी गेल्या, आणि गाडीच्या दाराला हात लावला. लावला तोही उलटा, हाताची मागची बाजू. राघोचीच सवय ही. खात्यात मशीनला तळहात लावायचा नाही म्हणायचा, मूठ आवळली की सुटत नाही.

हाताला झिणझिण झाली. बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या धावल्या.

बाईंनी झटकन हात मागं घेतला. ही झिणझिण त्यांना ठाऊक होती. स्वतःच्या हाताची नव्हे, कानानं ऐकलेली. राघो जायच्या आधी घरी येऊन जेवताना सांगायचा, "मशीन झिणझिण करतंय. हाताला मुंग्या येतात." आणि त्यांनी काय केलं होतं? भगताकडून काळा दोरा आणून त्याच्या मनगटाला बांधला होता.

तेवढ्यात सुषमा बाहेर आली. खड्ड्यात घालायला पाण्यानं भरलेली कळशी कमरेवर, ओले हात, पाय अनवाणी. जाता जाता गाडीतला भूपेंद्रचा जेवणाचा डबा काढावा म्हणून तिनं दाराकडे हात नेला.

"हात लावू नको!" भागीरथीबाई ओरडल्या आणि तिला दोन्ही हातांनी मागं लोटलं. कळशी गडगडत गेली. सुषमा पायरीवर आपटली. बाई तशाच हॉलमध्ये धावल्या आणि बोर्डाचं बटण बंद केलं.

भूपेंद्र तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर आला. "काय व्हयनं, माय?"

"मुंग्या आल्या. गाडीला हात लावला तर मुंग्या आल्या."

भूपेंद्रनं जाऊन बोर्डातली वायर उपटली. "बा हेच म्हणायचा," तो म्हणाला. "मी शेजारी जेवत असायचो. मला आठवतं."

त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही गोष्ट कोणी बोललं होतं.

"बाच्या मशीनला अर्थिंग नव्हतं, माय. करंट मशीनच्या अंगात उतरला की त्याला जमिनीत जायला वाट लागते. वाट नसली की तो माणसातून जातो. तो खड्डा त्याच्यासाठीच केलाय. मीठ-कोळसा ओल धरून ठेवतो, म्हणून सुषमा पाणी घालते. गाडी घ्यायच्या आधी मी तो खड्डा करून घेतला. आधी खड्डा, मग गाडी. तुला सांगितलं नाही, कारण तुला सांगायची सोयच नव्हती."

भागीरथीबाई सुनेकडे बघत होत्या. ती कोपर चोळत पायरीवर बसली होती. तिला मरणातून मागं ओढलं होतं, हे खरं. पण त्या मरणाच्या तोंडाशी नेलं कोणी? गप्प बसता आलं असतं. लोटू उद्या येऊन उंदीर-घुशीच्या माथी मारून मोकळा झाला असता.

"तो खड्डा मीच उकरला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुझ्या आईनं करणी केली. मी ते सगळं खाडीत टाकून आले."

सुषमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, मला एकदा विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तरी माझा विश्वास बसला नसता," बाई म्हणाल्या. तेही खरंच होतं, आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

म्हाताऱ्या बाईंना दवाखान्यात न्यायला भूपेंद्रनं दुसऱ्याची गाडी ठरवून दिली, आणि कुंदनचा तो प्लग हातोडीनं ठेचला. भागीरथीबाईंनी प्रमिलाबाईंना स्वतः फोन लावला. "विहीणबाई, आणखी एक पोतं कोळसा पाठवा," एवढंच बोलता आलं. बाकीचं समोरासमोर बोलायचं त्यांनी ठरवलं.

कोळसा आला, लोटू आला. नवी पट्टी त्यानं बांधली, पण मीठ-कोळशाचे थर भागीरथीबाईंनी स्वतःच्या हातानं भरले. वरून कळशीभर पाणी घातलं. मान वर करतात तर भिंतीवरून उज्ज्वला बघतेय, डोळे विस्फारून.

"काय पुरी राह्यनात खड्डामा, मावशी?"

"अर्थिंग."

"हं," उज्ज्वला म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी तिच्या दाराला, बरोबर यांच्या घराच्या दिशेला, लिंबू-मिरची टांगलेली होती.

भागीरथीबाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग हसू ओसरलं. त्या तशाच ओल्या हातानं उज्ज्वलाच्या दारात गेल्या. ती घाबरून मागं सरली.

"घाबरू नको वं. मीही हेच केलं असतं. मला एक सांग, तुझा विकास अजून लूमवरच जातो ना, कडोदऱ्याला?"

"जातो की. आता ड्यूटीवरच आहे. का?"

"घरी आल्यावर कधी म्हणतो का, मशीनला हात लावला की मुंग्या येतात म्हणून?"

उज्ज्वलाचा हात नकळत मंगळसूत्राशी गेला. बाईंच्या नजरेतून आजवर काही सुटलं नव्हतं, तेही सुटलं नाही.

"परवा म्हणत होता," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं शनिवारी मारुतीला नारळ फोडू."

"मी दोरा बांधला होता," भागीरथीबाई म्हणाल्या. "फोन लाव त्याला. आत्ताच्या आत्ता लाव!"