उलट्या टोपीवाल्यांची कॅसेट

भद्रावतीच्या बसस्टँडसमोर रईसचं कॅसेटचं दुकान होतं आणि दुकानापुढे एक बाकडं होतं. दुकान रईसच्या नावावर, पण बाकडं अख्ख्या गावाचं. चंद्रपूरची गाडी चुकलेला, ऑर्डनन्स फॅक्टरीतून पाळी संपवून आलेला, घरी बायकोशी वाजलेला, जो तो तिथे येऊन टेकायचा आणि लागलेल्या गाण्यावर आपलं मत देऊन जायचा. मत द्यायला खर्च येत नाही, त्यामुळे ते मुबलक मिळायचं.

बाकड्याचा एक रिवाज होता. नवी कॅसेट आली की रईस ती मोठ्या स्पीकरवर लावायचा. एक बाजू ऐकून झाली की बसलेल्या प्रत्येकाने मत सांगायचं, कोणालाही सूट नाही. ज्याचं मत एकटं पडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. सुरुवात गमतीनेच झाली होती. पण पुढे असं झालं की बाकड्यावर एकटं पडायला कोणी तयारच होईना. पहिला जे बोलेल तेच थोडं इकडेतिकडे करून बाकीचे बोलत. शेवटचं मत रईसचं असे, आणि रईस एकटा पडल्याचं कधी कोणी पाहिलं नाही.

तसा तो तयार कानाचा माणूस. त्याचे वडील सुभानमियाँ हार्मोनियम दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून सुरांच्या पट्ट्या घासता घासता रईसचा कान तयार झाला. तरुणपणी नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने त्याला वाजवायला बोलावलं होतं. वडील एवढंच म्हणाले, की मग दुकान कोण पाहणार. रईस गेला नाही आणि भांडलाही नाही. पुढे हार्मोनियमची गिऱ्हाइकं आटली, वडील गेले, आणि त्याने दुकानात कॅसेटी आणल्या. इंग्रजी कॅसेटी ठेवणारा गावात तो एकटाच. कव्हरावरची नावं तो न अडखळता वाचायचा, म्हणून रईसभाऊला इंग्रजी येतं असा गावाचा समज झाला. समज साफ खोटा होता. पण आयता मिळालेला मान कोणी परत करत नाही, रईसनेही केला नाही.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याने पार्सलमध्ये एक लाल कव्हराची कॅसेट टाकली. कव्हरावर उलट्या टोप्या घातलेली पाच पोरं, कोणाच्या तरी मयतीला आल्यासारखी उभी. याला नू मेटल म्हणतात आणि सध्या जगभर हेच खपतंय, असं व्यापाऱ्याने फोनवर सांगितलं. रईसने सकाळी अर्धंच शटर वर करून ती एकट्याने लावली. पहिल्याच गाण्यात कर्र-कर्र असा आवाज आला. त्याला वाटलं, टेप गुंडाळतेय. त्याने कॅसेट काढली, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं, पुन्हा लावली. तोच आवाज, त्याच जागी. मग त्याच्या लक्षात आलं की तो पोरांनी मुद्दाम केला आहे, तबकडी हाताने मागेपुढे खरवडून. रईस एकटाच हसला.

पुढे मात्र त्याचं हसू गेलं. एक पोरगा भरभर बोलत होता, दुसरा मधूनच नरडं फाटेस्तोवर ओरडत होता, आणि खालून गिटारी अशा घरघरत होत्या की काउंटरची काच थरथरत होती. शब्द एकही कळला नाही. पण ओरडण्यात दुखणं आहे, एवढं त्याच्या कानाला स्वच्छ कळलं. वडिलांनी दुकानाचं विचारलं त्या दिवशी आपल्यालाही असंच ओरडायचं होतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने तीच बाजू परत लावली.

दुपारी बाकडं भरलं. शेजारच्या सायकल दुकानाचा नवाब होता, एसटीतला कंडक्टर लटारू होता, फॅक्टरीच्या कॉलनीतले दोन कामगार होते. आणि टोकाला सुनिल. हा माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवणाऱ्या पत्रूभाऊचा एकुलता एक मुलगा. भद्रावतीला आयटीआय शिकायचा, गाडीला वेळ असला की बाकड्यावर बसायचा, फार बोलायचा नाही.

एक बाजू संपली. नवाब म्हणाला, खाणीतला डंपर रिव्हर्स घेताना याच्यापेक्षा सुरात वाजतो. लटारूला आपल्या गाडीचा गिअर आठवला. कॉलनीतल्या एकाने गाणाऱ्याला विंचू चावल्याची शंका काढली आणि दुसऱ्याने तिला लगेच दुजोरा दिला. मग सुनिलची पाळी आली. मला आवडलं, असं तो म्हणाला. हशा झाला. त्यावर त्याने कारणही सांगितलं. हा माणूस कोणाला तरी काहीतरी सांगतोय आणि समोरचा ऐकत नाहीये, म्हणून त्याचा आवाज वाढत जातो. एवढं बोलून तो रईसकडे वळला.

"रईसभाऊ, तुमी सांगा. तुमाले तं ऐकू येते ना?"

रईसला ऐकू आलं होतं. हो म्हणायचं अगदी ओठावर होतं. पण चौघं त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना काय हवं आहे हे त्याला पाठ होतं.

"पोट दुखून राह्यलं त्याचं," तो म्हणाला. "ओवा द्या त्याले."

बाकडं हसून लोळायचं बाकी राहिलं. सुनिलही जरासा हसला, रिवाजाप्रमाणे चहा सांगितला आणि जाताना ती कॅसेट विकत घेऊन गेला. त्याने पुन्हा रईसकडे पाहिलं नाही. रईसच्या छातीत काहीतरी टोचलं. पण ओव्याचा विनोद संध्याकाळपर्यंत बसस्टँडभर झाला, लोक मुद्दाम ऐकायला येऊ लागले, आणि या गडबडीत ते टोचणं विसरलं गेलं. विसरायला रईसनेही हातभार लावला.

पोळ्याच्या आसपास पत्रूभाऊ दुकानात आला. बाकड्यावर न बसता काउंटरपाशी उभा राहिला आणि सदऱ्याच्या खिशातून तीच कॅसेट काढली. पोरगा दार लावून दिवसभर हेच ऐकतो, धड जेवत नाही, धड बोलत नाही, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. त्याला भांडायचं नव्हतं. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"तुमाले इंग्रजी येते. हा मानूस काय म्हनते, थे मले सांगा," तो म्हणाला.

बाकड्यावर नवाब आणि लटारू कान देऊन होते. मला येत नाही, असं म्हणायला रईसला एक क्षण पुरला असता. त्याने तो क्षण कॅसेट लावण्यात घालवला. स्पीकरजवळ कान नेऊन, डोळे मिटून, एखाद्या जाणत्यासारखी मान हलवली. परदेशी गाण्यांनी पोरं बिघडतात असं पेपरात कुठेतरी वाचलेलं त्याला आठवलं, आणि तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. घर सोडा म्हणतो, मायबापाचं ऐकू नका म्हणतो, बाप मेला तरी रडू नका, असं आहे यात.

पत्रूभाऊचा चेहरा उतरला. त्याने कॅसेट परत खिशात ठेवली आणि रईसला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. खरं सांगणारं कोणी भेटलं, म्हणाला.

पुढचं माजरीत जे झालं ते रईसला लटारूकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण लटारूची गाडी त्याच रस्त्याला असे. पत्रूने कॅसेट चुलीत घातली. सुनिल सांगत राहिला की याचा अर्थ तसा नाही. बाप म्हणाला, बाप मेला तरी रडायचं नाही असं तुला शिकायचं असेल तर माझ्या घरात शिकू नको. दोघांचंही बोलणं बंद झालं. काही दिवसांनी सुनिलने आयटीआय सोडलं आणि विजेचे खांब रोवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर तो पार लांब सिरोंच्याला निघून गेला. दिवाळीलाही आला नाही. त्याची आई रुखमाबाई रोज शेवटच्या गाडीपर्यंत दारात उभी असते, असं लटारूने सांगितलं.

बाकड्याने यावर मत दिलंच. असल्या गाण्यांनी हेच होतं, आपल्या रईसभाऊने तर आधीच ओळखलं होतं, असं सगळ्यांचं एकमत झालं. कोणीच एकटं पडलं नाही. रईसला ती शाबासकी थोबाडीत बसल्यासारखी लागली. तो उठून आत गेला आणि उगाचच कॅसेटींवरची धूळ पुसत राहिला.

त्याच्या भावाची मुलगी तहसीन चंद्रपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. सुट्टीत आली तेव्हा त्याने दुकानात पुढे आलेली त्याच अल्बमची एक कॅसेट लावून तिच्या कानांना हेडफोन दिला आणि कुणालाही न सांगण्याच्या बोलीवर अर्थ विचारला. ती मागे घेऊन घेऊन ऐकत राहिली. बरेच शब्द तिलाही लागले नाहीत. पण जे लागले ते तिने सांगितले. कोणीतरी मुलगा आहे. तो बापाला म्हणतो, एकदा माझ्याकडे बघ. मी दारात उभा आहे आणि तू भिंतीकडे बघतोस. रईसने विचारलं, घर सोडून जायचं कुठे आहे का. तहसीन म्हणाली, नाही चाचा, तो तर घरातच आहे.

त्यानंतर रईसचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आपल्याला वडिलांनी जायला नाही म्हटलं, ते निदान स्वतःच्या तोंडाने म्हटलं. या पोराच्या बापाच्या तोंडात आपण आपलं खोटं घातलं. हे त्याला दिसायचं, जेवताना दिसायचं, गिऱ्हाइकाशी बोलताना दिसायचं, आणि सगळ्यात जास्त दिसायचे ते पत्रूभाऊचे जोडलेले हात. तरी तो माजरीला गेला नाही. कधी दुकानात माल आला, कधी गाडी भरून गेली, कधी पाऊस वाटला. पाऊस डिसेंबरात कुठून येणार, पण लाजेला कारण लागतं आणि ते मिळतंही. शेवटी त्याने बायकोला, शाजियाला, सगळं सांगितलं. रमजान चालू होता. ती सेवया भाजत होती. तोंडात खोटं ठेवून रोजे धरताय ते कोणासाठी, एवढंच तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी तो माजरीच्या गाडीत बसला.

पत्रूभाऊ पहिल्या पाळीहून येऊन ओसरीवर बसला होता. रईसला पाहून त्याला आनंद झाला, हेच रईसला सहन होईना. रुखमाबाईने पाणी आणलं, मग तिच्या लक्षात आलं की याचा रोजा असणार, आणि ती ओशाळून तांब्या परत घेऊन गेली. रईसने बूड टेकायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर त्याचं धैर्य गळालं असतं.

"पत्रूभाऊ, मले इंग्रजी येत नाई. त्या दिवशी मी मनानंच सांगितलं. त्यात तसं काईच नाई."

खाणीत भोंगा वाजला, पाठोपाठ सुरुंग उडाला आणि घरातली भांडी खणखणली. पत्रूने ते थांबू दिलं. मग त्याने विचारलं, तर मग काय आहे त्यात. रईसने तहसीनने सांगितलेलं सगळं सांगितलं. दाराचं, भिंतीचं, बाप बघत नाही त्याचं. पत्रू स्वतःच्या हातांकडे पाहत होता.

"सुनिलबी असंच सांगे," पत्रू म्हणाला. "मीच म्हनलं, रईसभाऊ खोटं कायले बोलन."

रईसला वाटलं, याने आता दोन शिव्या द्याव्या, हात उगारावा. पत्रूने तसलं काही केलं नाही. त्याने विचारलं, "तुमाले कशी वाटली थे कॅसेट?"

"चांगली वाटली," रईस म्हणाला. हे तो पहिल्यांदाच कोणासमोर बोलत होता. "पहिल्याच दिवशी."

"मंग त्यानं इचारलं तवा काऊन नाई सांगितलं? घरी येऊन मायले म्हने, रईसभाऊले बी ऐकू येते, पन बोलले नाई."

तेव्हा रईसला उमगलं. पोराला माहीत होतं. आपण विनोद केला तेव्हाही त्याला माहीत होतं, आणि तो चहा पाजून निघून गेला.

"लोकं हसले असते," तो म्हणाला.

"किती लोकं?"

"चार जन."

पत्रूने मान हलवली.

"माहा पोरगा एकच होता," तो म्हणाला.

रईसने तिथेच हात जोडले, पण त्याने काही भरून येणार नव्हतं हे त्यालाही कळत होतं. त्याने सिरोंच्याच्या ठेकेदाराचं नाव विचारलं. मी जातो, म्हणाला, त्याच्या पाया पडतो, माफी मागतो, घेऊन येतो. पत्रूने नाव सांगितलं, पोरं कुठे उतरली आहेत तेही सांगितलं. मग तो उठला आणि रईसला फाटकापर्यंत सोडायला आला.

"माफी नोका मांगू त्याले," तो म्हणाला. "कॅसेट आवडली होती म्हना. तेवढंच म्हना."