उंदराच्या मेंदूतला कच्चा रंग

आमच्या घरात रंगाबद्दल बोलायचा अधिकार एकट्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना आहे. चादरीचं सूत रंगवायचा त्यांचा छोटा रंगखाना आहे. लग्नाला गेले की पाहुण्यांच्या साड्या निरखून ते मोठ्याने भविष्य सांगतात, "ही पहिल्या धुण्यात जाणार." त्यामुळे आम्हाला हल्ली फारशी आमंत्रणं येत नाहीत.

मी रंगखान्यात न जाता उंदरांच्या मेंदूत गेले. मेंदूचा एक भाग दुसऱ्याशी कोणत्या वाटेने जोडलेला असतो, हे शोधायचं माझं पीएचडीचं काम. भूल दिलेल्या उंदराच्या मेंदूत ठरलेल्या जागी बारीक सुईने थेंबभर रंग सोडायचा आणि काही दिवस वाट बघायची. रंग मज्जातंतूंमधून आपोआप पुढे सरकत जातो. मग मेंदूचे पातळ काप करून काचपट्ट्यांवर चढवायचे आणि रंग कुठवर पोचला ते बघायचं. वासाच्या भागाकडून भीतीच्या भागाकडे जाणारी वाट माझ्या वाट्याला आली होती. मांजराचा नुसता वास आला तरी उंदीर जागच्या जागी का थिजतो, एवढाच प्रश्न.

प्रश्न सोपा, सुई महाबिलंदर. ती केसभर सरकली की रंग भलतीकडेच जायचा. माझे उंदरांमागून उंदीर वाया गेले. शेवटी गाइडबाईंनी सांगून टाकलं, की या उन्हाळ्यात वाटेचा एक तरी नीट फोटो आला नाही तर हा विषय बंद. त्यानंतर, काय माझं नशीब उघडलं कोण जाणे, एक उंदीर जमला. सुई बरोब्बर जागी लागली. फोटो काढायचा मायक्रोस्कोप पुण्यात होता आणि तिथली सोमवारची वेळ महत्प्रयासाने मिळाली होती.

शनिवारी कॉलेजातला फ्रिज बंद पडला. मे महिना, बाहेर डांबर वितळतंय. माझा रंग उजेडात उडतो, त्याला गारवा हवा आणि अंधारही. मी काचपट्ट्यांचा डबा काळ्या कागदात गुंडाळून घरी आणला. आमचं घर लिंगायतांचं, अंड्यालाही उंबरा ओलांडू न देणारं. शेंगाचटणीच्या शेजारी उंदराचा मेंदू ठेवतेय म्हटलं असतं तर आईने मला फ्रिजसकट बाहेर काढलं असतं. म्हणून मी म्हणाले, "रंगाचे नमुने आहेत. कुणी हात लावू नका."

रंगवाल्याच्या घरात हे म्हणजे मांजराला दूध दाखवून हात लावू नकोस सांगण्यापैकीच होतं.

रविवारी दुपारी मैत्रिणीकडून आले, तर अप्पा घरात नव्हते. गच्चीवर होते, डोक्यावर छत्री धरून बसलेले. समोर कट्ट्यावर माझ्या सगळ्या काचपट्ट्या ओळीने मांडलेल्या. रंगखान्यात नवा रंग आला की अप्पा सुताची लडी अर्धी पुठ्ठ्याने झाकतात, अर्धी उन्हात उघडी ठेवतात आणि मग दोन्ही बाजू ताडून बघतात. सोलापूरच्या उन्हात टिकला तो रंग कुठेही टिकतो, असा त्यांचा हिशेब. इथेही त्यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून प्रत्येक काचपट्टीचा अर्धा भाग झाकला होता. अगदी व्यवस्थित.

"कुठनं आणलास हा रंग?" अप्पांनी मला बघताच विचारलं. "लई कच्चा हाय की. ते गुलाबी ठिपके होते ना, उघड्या बाजूचे गेले बघ दुपारभरात. फसवलंय तुला दुकानदारानं. आपल्याकडचा लाल घेऊन जा. उंदीर मरंल, पण रंग जायचा न्हाय."

"उंदीर मेलाच आहे, अप्पा!" मी किंचाळले. "त्याचाच मेंदू आहे हा!"

आई नेमकी तेव्हाच वाळलेल्या कुरडया गोळा करायला वर आली होती. "कुठं होता मेंदू?" तिने विचारलं.

"फ्रिजमध्ये."

आई कुरडया तशाच टाकून खाली गेली. पुढचा तासभर फ्रिज रिकामा होत असल्याचे आवाज येत होते. मी गच्चीवर बसून लहान मुलीसारखी रडले आणि रडता रडता अप्पांना नको नको ते बोलले. हा एकच उंदीर होता, आता विषय बंद, माझी सगळी वर्षं तुम्ही उन्हात वाळत घातली, असं बरंच. अप्पांनी छत्री काचपट्ट्यांवर धरली आणि स्वतः उन्हात बसून एकेक पट्टी डब्यात ठेवली.

मिळालेली वेळ फुकट घालवायची नाही म्हणून मी सोमवारी पहाटे निघाले, तर ते न विचारताच तयार होऊन उभे होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. बसमध्ये डबा काळ्या चादरीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतला. टेंभुर्णीला सगळी बस चहाला उतरली, अप्पा जागचे हलले नाहीत.

पुण्यात अंधाऱ्या खोलीत मी पहिली पट्टी लावली. साध्या उजेडात गुलाबी दिसणारा माझा रंग मायक्रोस्कोपच्या दिव्याखाली केशरी चमकतो. उघडे राहिलेले काप मिट्ट काळे. पट्टी पुढे सरकवली. पत्रिकेखाली झाकलेल्या कापांवर केशरी रेघ पेटलेली होती. पुढच्या पट्टीवरही तेच, अर्धं काळं, अर्धं केशरी. वाटेत खड्डे पडले होते, पण वाट कळत होती. शेवटच्या पट्टीवर भीतीच्या भागात ती रेघ शिरून बारीक फाटे फुटलेले दिसले. मला इतका आनंद झाला की फोटो काढायच्या आधीच मी अबोला विसरले. "अप्पा, या, बघा!"

ते वाकले. डोळा लावला. मग हळूच म्हणाले, "असा केशरी मला आजवर जमला न्हाय." आणि लगेच, "पण हा दिवा चालू हाय, त्यानं उडत असंल की न्हाय?"

"उडतो थोडा थोडा. बघा तुम्ही."

अप्पांनी झटकन डोळा काढला. "बास. मी बघून संपवायचो. तू काढ फोटो."

आणि मी फोटो काढेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.