धुण्याचा दगड
ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि कल्याणच्या त्या सेवा मंडळाचं कांबळं आठवतं. पन्नास-बावन्नची गोष्ट असेल. मंडळाचे अध्यक्ष दर महिन्याला शाळेच्या हॉलमध्ये गावच्या इतिहासावर भाषण करायचे. ते लिहून द्यायची मी, नुकती मॅट्रिक झालेली. आई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची, नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा भाषणानंतर कांबळीवाटप होतं. त्यांनी आईलाच स्टेजवर बोलावलं, खांद्यावर कांबळं टाकलं आणि म्हणाले, "पदर सावरू नका बाई, फाटकं दिसू दे फोटोत." लोक हसले. आई घरी येऊन जेवलीसुद्धा नाही. पुढच्या भाषणासाठी मी वीरगळांवर लिहिलं, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीसाठी कोरलेल्या दगडांवर. आधी वाचून बघायची त्यांना सवय नव्हती. भरल्या हॉलमध्ये त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "असाच एक वीर आपल्या गावात आहे. ज्या घरात त्याच्या छातीवर रोज धुणं आपटतात, त्या घराला लाज वाटली पाहिजे. ते घर..." आणि ते थांबले. पुढच्या रांगेतले म्हातारे मास्तर म्हणाले, "वाचा की, कोणाचं?" कागदावर अध्यक्षांचंच नाव होतं. दुसऱ्या दिवशी आईचं काम सुटलं. दगड मात्र देवळाबाहेर उभा राहिला, खाली पाटी, देणगीदार म्हणून त्यांचीच. आजही मी तिथे जाते आणि पाटी वाचणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगते, की ह्या वीराच्या छातीवर ह्याच देणगीदाराची धोतरं माझ्या आईने बारा वर्षं आपटली.